बाई म्हणू की ताई? कुणाला काय म्हणायचं, नवीन माणसासाठी

मी जालन्याकडचा. आमच्या घरात मोठ्या बहिणीला सगळे बाईच म्हणतात. पुण्यात रूम घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात जिन्यात वरच्या मजल्यावरच्या एक जणी भेटल्या, मी आपलं आदरानं विचारलं, "बाई, पाणी कधी येतं हो?" त्यांनी पिशवी खाली ठेवली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बाई दहाला येते, पाणी सहाला."

तर पहिलं म्हणजे शहरात नुसतं "बाई" अशी हाक मारू नका. नावाला जोडलं की तोच शब्द मानाचा होतो, जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई. मराठी शाळेत बाई म्हणजे शिक्षिका, तिथं बिनधास्त म्हणा. पण मागे "कामाची" लागलं की धुणंभांडी आणि "बाईचा नाद" म्हटलं की विषयच वेगळा, त्यामुळे शब्दाच्या शेजारी काय बसलंय ते आधी बघायचं. अनेकवचनाचं पण तसंच, गावाकडं "बाया आल्यात" अगदी साधं बोलणं आहे, शहरात तेच उद्धट वाटतं, तिथं "बायका" म्हणा. फक्त "त्याच्या बायका" म्हणताना जरा जपून, कारण बायकोचं अनेकवचन पण तेच 😄

अनोळखी बाईला हाक मारायची तर "ताई" सगळ्यात सेफ. वयाचा अंदाज चुकणारच, म्हणून एक पायरी खालीच राहा, काकू वाटल्या तरी ताई म्हणा, कुणी रागावत नाही. "मावशी" गोड शब्द आहे पण हॉस्पिटलात आणि सोसायटीत तो कामवाल्यांना चिकटलाय, त्यामुळे बँकेत काउंटरवर नको, तिथं मॅडम. पुरुषांचं तुलनेनं सोपं, दादा किंवा काका. भाऊ पण चालतं, विदर्भात तर हमखास. "मामा" मात्र बघून, वॉर्डबॉय पण मामा, ट्रॅफिक हवालदार पण मामा आणि मामा बनवणं म्हणजे काय ते माहितीच आहे.

"महिला" आणि "पुरुष" लिहायला ठीक, बोलताना "एक महिला आली होती" म्हटलं की पोलीस स्टेशनात जबाब देतोय असं वाटतं. "स्त्री" निबंधात. पुरुषाला बोलीत "बाप्या" किंवा "गडी", पण गडी पण दोन तोंडाचा, कबड्डीत गडी, कोल्हापुरात "लय भारी गडी" म्हणजे कौतुक, आणि जुन्या वाड्यातला गडी म्हणजे नोकर. एक गंमत बघा, पुरुषमाणूस "आला" पण बाईमाणूस "आलं", चांगली धडधाकट बाई पण व्याकरणात नपुंसकलिंगी. आणि "बाईमाणूस आहे, एवढ्या रात्री कशाला" या वाक्यात काळजी किती आणि लगाम किती हे ज्या घरात बोललं जातं त्यांनाच माहीत. पुरुषाला "बायकी" म्हटलं की शिवी, बाईला "मर्दानी" म्हटलं की शाबासकी, याच्यावर मी जास्त बोलत नाही, भांडणं होतात.

आता लग्नपत्रिकेवरचं, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच. पुरुषाचं लग्न होवो न होवो, तो श्री. बाईला मात्र कु., सौ., श्रीमती. सरकारी कागदावर श्रीमती कुणालाही लावतात, पण बऱ्याच घरांत श्रीमती म्हणजे नवरा गेलेली असंच वाचतात, त्यामुळे सौ. असलेल्या काकूंना श्रीमती छापलंत तर फोन येणारच. "गं. भा." तर लिहूच नका. २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांच्या नावाआधी गंगा भागीरथी लावायचा प्रस्ताव पुढे केला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मी आता नुसतं नाव लिहितो आणि पुढे ताई किंवा काकू. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांना पण तसंच लिहिलं, त्या लग्नाला आल्या आणि अजून मला "जालनेकर, पाणी आलं" अशी हाक मारतात.