लोकलच्या वेळापत्रकात व्यायाम, वाचन आणि घर कसे बसवावे

व्यायाम आणि वाचन सुरू करायचे ठरले की बहुतेक जण आधी स्वतःचे वेळापत्रक आखतात आणि घराने त्याच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा ठेवतात. मुंबईतल्या घरात अशी आखणी सहसा टिकत नाही, कारण तिथला दिवस पाण्याची वेळ, डब्याची वेळ, शाळेच्या व्हॅनची वेळ आणि नेहमीची लोकल या चार खुंट्यांना बांधलेला असतो. म्हणून पहिले काम असे की, या चारही वेळा घरातल्या सगळ्यांनी मिळून एका कागदावर लिहाव्यात आणि ओटा, मोरी व बाहेरच्या खोलीतली मोकळी जागा कोणत्या वेळी कोणाच्या ताब्यात असते, हेही त्याच कागदावर टिपावे. पाणी सकाळी साडेपाचला येत असेल आणि ते भरणारी व्यक्ती रोज एकच असेल, तर तिच्या व्यायामासाठी पहाट राखून ठेवण्याला अर्थ नाही. तिला संध्याकाळ द्यावी, किंवा आठवड्यातले दोन दिवस पाणी दुसऱ्याने भरावे. ही देवाणघेवाण आधी उघडपणे ठरली नाही, तर एकाचा व्यायाम दुसऱ्याच्या झोपेतून वसूल होतो.

व्यायाम किती करावा याचे मोजमाप उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याखेरीज किमान दोन दिवस शरीरातल्या सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. मध्यम श्रम ओळखायला यंत्र लागत नाही: चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढी खूण पुरेशी आहे. नोकरदार मुंबईकराचे यातले बरेचसे चालणे घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी यांतच होऊ शकते. मात्र त्यासाठी शेअर रिक्षा सोडून झपाट्याने चालावे लागते आणि सरकत्या जिन्याऐवजी पुलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. गर्दीत रेंगाळत टाकलेली पावले या हिशेबात धरू नयेत.

ताकदीच्या व्यायामाचे तसे नाही. तो प्रवासात आपोआप होत नाही आणि घरात नेमका तोच मागे पडतो, म्हणून त्याची जागा आधी राखावी. सोमवार आणि गुरुवार असे मध्ये अंतर असलेले दोन दिवस, प्रत्येकी अर्धा तास आणि सहा फूट लांब, दोन फूट रुंद सतरंजी मावेल एवढी जमीन इतके भांडवल पुरते. पायांसाठी बैठका काढाव्यात. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी न हलणाऱ्या खुर्चीवर टेकून उठावे. छाती आणि दंडांसाठी आधी ओट्याच्या कडेला हात टेकवून तिरके जोर मारावेत आणि ते सहज जमू लागले की जमिनीवर यावे. जोर आणि बैठका या जोडीत पाठीला पुरेसे काम मिळत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. पाठीसाठी ओढण्याची हालचाल लागते: पाच लिटरचा पाण्याचा कॅन भरला की साधारण पाच किलोचे वजन हाती येते, एक हात खुर्चीवर टेकवून, कंबर न वाकवता नितंबांतून पुढे झुकावे आणि दुसऱ्या हाताने तो कॅन बरगडीपर्यंत ओढावा. कॅन हलका वाटू लागला की पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तके भरून तीच उचलावी. प्रत्येक प्रकाराच्या आठ ते बारा आवर्तनांच्या तीन फेऱ्या कराव्यात. शेवटची दोन आवर्तने जड जावीत, पण शरीराची ठेवण बिघडू नये. तिन्ही फेऱ्यांत बारापर्यंत पोहोचता आले की वजन वाढवावे, एरवी वाढवू नये. उड्या मारण्याचे प्रकार इमारतीत टाळावेत, कारण खालच्या मजल्यावरच्यांनाही सकाळ असते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्याची जुनी दुखणी असलेल्यांनी सुरुवातीआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मनगटावरचे घड्याळ असेल तर वापरावे, नसेल तर केवळ या कामासाठी घेऊ नये. बहुतेक घड्याळे त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्तप्रवाहातल्या चढउतारावरून ठोके मोजतात. त्यामुळे पट्टा सैल असला किंवा मूठ घट्ट आवळून वजन उचलले की आकडा चुकतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्टसर बांधावा. रोजच्या दहा हजार पावलांचा आग्रहही सोडायला हरकत नाही, कारण हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या जाहिरातीतून रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. घड्याळ नसलेल्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत व्यायामाच्या तारखेखाली वजन आणि आवर्तने लिहावीत. ती नोंद घरातल्या सगळ्यांना दिसते, हा तिचा फायदा आहे.

वेळ खाणारी वस्तू फोन आहे आणि तिथे संयमापेक्षा सेटिंग अधिक उपयोगी पडते. सोसायटीचा, नातेवाइकांचा आणि शाळेचा, असे तिन्ही गट मूक करावेत आणि दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी उघडावेत. (शाळेच्या गटात उद्याच्या गृहपाठाची एक ओळ आणि तिच्याभोवती चाळीस नमस्कार असतात; ती ओळ संध्याकाळी शोधली तरी चालते.) रात्री जेवणाच्या वेळेपासून ‘डू नॉट डिस्टर्ब’ आपोआप सुरू होईल असे करावे आणि आईवडील, जोडीदार व मुले यांचे क्रमांक त्यातून वगळावेत; थोड्या वेळात दुसऱ्यांदा आलेला फोन वाजू देण्याची सोयही बहुतेक फोनमध्ये असते. फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावा हा सल्ला वन रूम किचनमध्ये पाळणे अवघड आहे, तिथे सगळ्यांचे चार्जर टीव्हीजवळच्या एकाच बोर्डवर आणावेत आणि गजराचे साधे घड्याळ विकत घ्यावे. गजर फोनवरच राहिला तर फोन उशाशी परत येतो.

वाचनासाठी लोकलचा प्रवास चांगला आहे, पण तो कोणता, यावर बरेच अवलंबून असते. बसायला मिळत असेल तर छापील पुस्तक किंवा ई-रीडर घ्यावा. उभ्याने एका हाताने कडी धरून पान उलटत नाही, तिथे ध्वनिपुस्तक बरे. दाराशी उभे राहून फोन हातात धरू नये, कारण गाडीचा वेग कमी झाला की खालून हातावर फटका मारून फोन पळवणाऱ्या टोळ्या प्रवाशांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. उतरण्यापूर्वी इअरफोन काढून ठेवावेत. ई-रीडरवर मराठी वाचायचे असेल तर फाइलचा प्रकार पाहावा: ईपबमध्ये अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात, तर स्कॅन केलेल्या पीडीएफचे पान सहा इंची पडद्यावर सतत सरकवावे लागते आणि जोडाक्षरे वाचताना डोळे शिणतात. असे जुने पुस्तक ग्रंथालयातूनच आणावे. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे. अशा ग्रंथालयाचे सभासदत्व घेण्याचा माझ्या मते सर्वांत मोठा लाभ म्हणजे परतीची तारीख. विकत घेतलेले पुस्तक वर्षभर वाट पाहते, ग्रंथालयाचे पाहत नाही.

मुलांना आणि वडीलधाऱ्यांना या आखणीत सोबती म्हणून घ्यावे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल हवी असते, आणि पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम हवा असतो. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद तोल सावरणे हे आजीआजोबांना आणि नातवंडांना एकत्र करता येते. रविवारी सकाळी शिवाजी पार्कचा कट्टा किंवा बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान गाठावे, आणि त्या दिवशी घड्याळाकडे पाहण्याचा हट्ट नसावा.

मे महिन्यात बाहेरचे चालणे सकाळी सातच्या आत उरकावे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर लवकर तापते. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जाऊ नये. इमारतीचा जिना चढावा आणि गुडघे कुरकुरत असतील तर खाली लिफ्टने यावे. गणपतीत आणि वार्षिक परीक्षेच्या आठवड्यांत फक्त ताकदीचे दोन दिवस राखावेत, बाकीचे सोडून द्यावे. दोन-तीन आठवड्यांचा खंड पडल्यास आधीचे वजन लगेच उचलू नये. पहिल्या आठवड्यात एकच फेरी, दुसऱ्यात दोन, आणि तिसऱ्यात दिनदर्शिकेवर शेवटी लिहिलेल्या आकड्यापासून पुढे सुरुवात करावी.