जुना सिमेंटचा पत्रा काढायचाय? धूळ न उडवता कसा काढायचा

मे महिन्यात घर शाकारायला काढलं की गोठ्यावरचा, पडवीवरचा जुना करडा पत्रा आधी निघतो. कोणीतरी वर चढतो, हातोडीचे चार घाव, तुकडे थेट अंगणात. नेमकं हेच करायचं नाहीये. या पत्र्यात सिमेंटसोबत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, साधारण १० टक्के, आणि ते जमिनीतून खणून काढलेलं खनिज आहे, त्याचे तंतू इतके बारीक सुटतात की डोळ्याला दिसत नाहीत आणि श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच ठाण मांडतात. आजार उमटायला २० ते ४० वर्षं लागतात, म्हणून "आमच्याकडे कोणाला काही झालं नाही" याला अर्थ नाही. (खनिज आहे, नैसर्गिक आहे, मग काय होतंय, असं वाटत असेल तर तुर्कस्तानातलं कराईन गाव बघा, तिथे घरांच्या दगडातच एरिओनाइट नावाच्या दुसऱ्या एका खनिजाचे असेच तंतू होते आणि कारखान्यात पाय न ठेवलेली माणसं मेसोथेलिओमाने, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने, गेली.)

पत्रा धड असेल, नुसता डोक्यावर असेल तर धोका फार कमी. सगळा खेळ धुळीचा.

१. नुसतं बघून ओळखता येत नाही, हल्ली बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रेही सेम दिसतात. बिल नसेल तर अ‍ॅस्बेस्टॉसच धरून चाला. आपल्याकडे तो अजून दुकानात मिळतो, त्यामुळे पत्रा नवा आहे म्हणून सुटलात असं नाही.

२. मास्क एन-९५ तरी हवा, नाकाशी घट्ट बसणारा. रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क काही कामाचा नाही, आणि दाढी असेल तर एन-९५ पण नीट बसत नाही.

३. पत्र्यावर उभं राहू नका. जुना पत्रा पायाखाली कधी फुटेल सांगता येत नाही, त्यातून खाली पडून माणसं मेलीत. वाशांवर फळी टाकून किंवा शिडीवरूनच काम करा.

४. पत्रा भिजवा. स्वच्छ फवारणी पंपात पाणी आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घाला, साबणाने पाणी आत मुरतं. मधेमधे परत मारत राहा. शेवाळ काढायला तारेचा ब्रश नको, प्रेशरचं पाणी तर अजिबात नको.

५. पत्रा वाशाला धरून ठेवणारा जे-बोल्ट (आकडीसारखा वाकवलेला) गंजलेला असणारच, नट फिरणार नाही. मग बोल्ट कटरने बोल्ट तोडा, पत्रा नाही, आणि ग्राइंडर लावायचाच नाही. अख्खा पत्रा दोरीने खाली सोडा, फेकू नका.

६. झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकंही पत्र्यांबरोबरच गुंडाळा. कपडे झटकू नका, ओले करून वेगळे धुवा. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांच्या बायकांना नुसते नवऱ्याचे कपडे धुऊन मेसोथेलिओमा झालाय, म्हणून ही पायरी टाळू नका.

७. पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, टेप मारून, वर "अ‍ॅस्बेस्टॉस" असं लिहून ठेवा. हा घातक कचरा धरतात, तो कुठे द्यायचा ते नगरपालिकेत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात विचारा, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला अशा कचऱ्याच्या जागा आहेत. रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून टाकायचा नाही, भंगारवाल्यालाही द्यायचा नाही. आणि शेजारी कोंबड्यांच्या खुराड्याला दोन तुकडे मागायला येतीलच, त्यांना नाही म्हणा, ते तिथे परत करवतीने कापणार आहेत.