वरातीत कीबोर्डवर ‘नागीण’ची बीन कशी काढावी

१९५४च्या ‘नागिन’मधली बीन मुळात पुंगी नाहीच. संगीत हेमंतकुमारांचं, पण तो आवाज कल्याणजींनी क्लॅव्हायोलीन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर काढला. जोडीला रवींचं हार्मोनियम. म्हणजे कीबोर्डवर ही धून वाजवणं ही नक्कल नव्हे, जवळपास मूळ पद्धतच.

क्लॅव्हायोलीनवर एका वेळी एकच सूर वाजतो. म्हणून आधी कीबोर्ड ‘मोनो’वर टाका. बहुतेकांचं इथंच चुकतं: पॉली (एका वेळी अनेक सूर) चालू राहतं, दोन सूर एकमेकांवर चढतात आणि बीनचं ॲकॉर्डियन होतं. टोन शहनाई किंवा ओबोचा. पोर्टामेंटो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं सेटिंग, ० ते १२७ मध्ये साधारण १५. त्याहून फार वाढवलात तर सूर घसरगुंडीवरून आल्यासारखे वाटतात. सूर लांबवणारं सस्टेन पेडल काढूनच ठेवा.

आता बोटं. गारुडी गालात हवा साठवून फुंकतो, त्याची फुंकर तुटत नाही. म्हणून पुढची पट्टी दाबल्यावरच आधीची सोडा. पुंगीच्या दोन नळ्यांपैकी एक नुसता आधारस्वर धरते. तो षड्ज दुसऱ्या वादकाकडे द्या, हलक्या आवाजात.

नाशिकच्या रविवार कारंजाच्या गर्दीत नाशिक ढोल सुरू झाला की बीन बुडते. तेव्हा व्हॉल्यूम वाढवू नका, भोंगा फाटेल. मिक्सरवर बेस कमी करा, मिड थोडा वर घ्या. आणि ढोलवाल्यांना आधीच सांगा: पहिल्या ओळीला फक्त ताशा.