जुन्या जीपला स्पिन-ऑन ऑइल फिल्टरचा अडॅप्टर बसवताना या चुका टाळा

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा ऑइल फिल्टर बदलायचा म्हणजे कोपरापर्यंत हात काळे. लोखंडी डबा, त्याच्या पोटातून वर जाणारा लांब बोल्ट, आत स्प्रिंग, वॉशर, कागदी एलिमेंट, आणि वर फिल्टर-हेडच्या, म्हणजे डबा जिथे टेकतो त्या इंजिनावरच्या बैठकीच्या, खोबणीत बसलेली रबरी रिंग. त्यातला एक वॉशर सांडलेल्या तेलाबरोबर बादलीत गेला तरी पत्ता लागत नाही. म्हणून बरेच जण अडॅप्टर लावतात. डबा निघतो, त्याच्या जागी ॲल्युमिनियमची चकती आणि पोकळ, आटेदार स्टड येतो, आणि त्यावर आधुनिक स्पिन-ऑन फिल्टर हाताने फिरवून बसतो.

काम तासा-दीड तासाचं आहे. पण हा सुटा भाग इंजिनाच्या मुख्य तेलवाटेवर बसतो. गळती झाली की सगळे धावतात, कारण ती दिसते. बेअरिंग खाणाऱ्या चुका खाली डाग पाडत नाहीत. त्यामुळे आधी त्यांच्याबद्दल.

तेल कुठल्या वाटेने जातं हेच न बघणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि ती पाना हातात घेण्याआधीच झालेली असते.

जुन्या इंजिनांत फिल्टरची मांडणी दोन प्रकारची असते. फुल-फ्लो मांडणीत पंपातून निघालेलं तेल फिल्टरमधून गाळून मगच बेअरिंगांकडे जातं. १९५८ साली आलेल्या लँड रोव्हर सिरीज २ मधलं २२८६ सीसीचं पेट्रोल इंजिन या प्रकारचं. बायपास मांडणीत बहुतेक तेल न गाळताच बेअरिंगांकडे जातं. थोडासा वाटा बारीक नळीने फिल्टरमध्ये येतो आणि गाळून परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, पडतो. दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी आणि त्याच घराण्यातल्या सुरुवातीच्या नागरी सीजे जीप या दुसऱ्या गटातल्या.

बायपास मांडणीत मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं, कधी डब्याच्या मधल्या नळीत, कधी जोडणीच्या नटात. त्या भोकामुळेच फिल्टरकडे मोजकं तेल जातं. डबा काढून मोकळ्या वाटेचा अडॅप्टर लावला की ते भोकही जातं. मग तेल सोपी वाट धरतं आणि फिल्टरमार्गे चेंबरमध्ये परत येतं. मुख्य गॅलरीतला, म्हणजे बेअरिंगांकडे तेल नेणाऱ्या वाटेतला, दाब पडतो, विशेषतः इंजिन गरम असताना आणि आयडलिंगला. लोक मग पंपाला दोष देतात, जाड तेल भरतात, काहीजण तर इंजिन उघडतात. जुना डबा फेकण्याआधी त्यातलं हे भोक शोधा आणि नव्या जोडणीत तेवढीच अरुंद वाट आहे याची खात्री करा.

फिल्टर इंजिनापासून दूर बसवून दोन पाइपांनी जोडला असेल तर पाइपांची अदलाबदल हा आणखी एक सापळा. स्पिन-ऑन फिल्टरमध्ये तेल कडेच्या लहान भोकांतून आत शिरतं आणि मधल्या, आट्याच्या भोकातून बाहेर पडतं. पाइप उलटे लागले तर आतली रबरी झडप तेलाच्या दाबाने बंदच होते. फुल-फ्लो इंजिनात याचा अर्थ बेअरिंग कोरडी. आणि दाबाचा सेन्सर फिल्टरच्या आधी असेल तर गेज सगळं ठीक असल्याचं दाखवत राहतो. आपला सेन्सर फिल्टरच्या आधी आहे की नंतर, हे एकदा नळ्या चाचपून बघून ठेवा. पुढच्या प्रत्येक निदानाला ते लागतं. ओव्हरहेड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेलं, इंजिन असेल तर रॉकर कव्हर काढून स्टार्टर मारा. रॉकर शाफ्टवर तेल झिरपलं की वाट बरोबर आहे.

“आटे बसले, म्हणजे फिल्टर बसला”

बरेच अडॅप्टर पाऊण इंच, इंचाला १६ आट्यांच्या स्टडचे असतात. काही २० मिमी, दीड मिमी पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, आणि त्याची पिच साधारण १.५९ मिमी. दिसायला दोन्ही इतके सारखे की नुसत्या नजरेने फरक कळत नाही. २० मिमीचा फिल्टर पाऊण इंची स्टडवर सैलसर चढतो, शेवटी घट्ट झाल्याचा भासही होतो. प्रत्यक्षात आट्यांची पकड अगदी वरवरची असते. थंड तेलाचा दाब आणि खडकाळ रस्त्याचे हादरे एकत्र आले की तो निसटतो. म्हणून फिल्टर रिकामाच हातात घेऊन स्टडवर फिरवा. शेवटपर्यंत जराही डुगडुगता कामा नये.

फिल्टरची रबरी गादी अडॅप्टरच्या सपाट बैठकीवर पूर्ण टेकते का, हेही बघायचं. गादी कडेबाहेर लोंबत असेल तर तो फिल्टर आपला नाही, मग आटे कितीही चपखल असोत.

आता फिल्टरच्या आतल्या दोन झडपा. एक, एलिमेंट तुंबलं किंवा तेल फार थंड असलं की वाट मोकळी करणारी. जुन्या गाडीत हे काम फिल्टर-हेडमध्ये किंवा डब्यातल्या सुट्या भागांकडे असतं. ते डब्यात असेल तर डब्याबरोबर तेही गेलं, मग नव्या फिल्टरमध्ये ती झडप हवीच. दुसरी, इंजिन बंद झाल्यावर तेल निथळून जाऊ न देणारी. फिल्टर तोंड वर करून उभा लटकत असेल तर ती नसली तरी फारसं बिघडत नाही. आडवा किंवा तोंड खाली असेल तर मात्र दर सकाळी दाब यायला वेळ लागतो आणि तोवर टॅपेट खडखडतात.

जुनी रिंग खोबणीतच राहणं

गळतीच्या तक्रारींत हिचा नंबर पहिला. फिल्टर-हेडमधली जुनी रिंग वर्षानुवर्षं तापून दगडासारखी कडक होते आणि खोबणीच्या तळाला अशी चिकटते की ती धातूचाच भाग वाटते. काळ्या खोबणीत काळी रिंग, तीही गाडीखाली उताणं पडून बघायची! माणूस म्हणतो, रिंग डब्याबरोबर आली असेल. त्यावर नवी रिंग बसते, वर अडॅप्टर चढतो, इंजिन सुरू होतं, काही टिपकत नाही. मग थंड इंजिनाला थोडा रेस दिला की वरची रिंग बाजूला सरकते आणि मिनिटाभरात चेंबर रिकामा होऊ शकतो.

टोकदार सुईने किंवा वाकड्या टोकाच्या बारीक हुकाने खोबणीचा तळ पूर्ण वर्तुळभर खरवडा. सुई धातूवर करकरली पाहिजे. कुठेही ती मऊ रुतली तर रिंग अजून आत आहे. जाड स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, खोबणीवर पडलेला ओरखडा पुढे कायमचा गळतो. नव्या रिंगला तेलाचं बोट फिरवा आणि ती पीळ न पडता बसली का ते आरशात बघा. अडॅप्टरबरोबर आलेली रिंग वापरा. डब्याची रिंग “जवळपास तीच” असते, आणि जवळपास इथे चालत नाही.

रिंग नीट बसली तर दुसरं काहीच लागत नाही. तरीही हात सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातोच. बैठकीच्या आतल्या बाजूला फुगून आलेला सिलिकॉनचा गोळा सुटला की तेलाबरोबर थेट गॅलरीत. टेफ्लॉन टेपचे धागेही तसेच. घासकामाचंही तेच: फिल्टर-हेडचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासताना भोकं चिंधीने बंद करा. मधल्या भोकानंतर तेल गाळायला कोणी नाही, तिथे पडलेला कण सरळ बेअरिंगमध्ये जातो. नवा अडॅप्टरही आधी रॉकेलमध्ये धुवून, हवा मारून मगच लावा. कातकामाचा किस आट्यांत अडकलेला असतो.

अडॅप्टरचा मधला बोल्ट बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कलाच आवळायचा. फिल्टर मात्र हातानेच: गादी टेकल्यावर साधारण पाऊण फेरा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी सुटताना अडॅप्टरलाही सोबत घेऊन येतो, आणि आपल्याला ते कळतही नाही.

जागा

एका जागी उभ्या गाडीत सगळं छान बसतं. पण इंजिन रबरी माउंटिंगवर झुकतं, ॲक्सल वर येतो, प्रॉपेलर शाफ्ट हलतो. फिल्टर आणि आजूबाजूच्या प्रत्येक भागामधे मऊ मातीचे गोळे चिकटवा, गाडी खाचखळग्यांतून थोडी फिरवा आणि गोळे किती चेपले ते बघा. एक्झॉस्ट पाइप जवळ असेल तर उष्णतारोधक पत्रा लावा. आणि फिल्टर निघायला खाली जागा उरते का, हे तेल भरण्याआधी तपासा, नंतर नाही.

पहिला स्टार्ट

बदल करण्याआधीचा दाब लिहून ठेवलेला नसेल तर नंतरचा आकडा काहीच सांगत नाही. थंड, गरम आयडलिंग आणि चालत्या गाडीचा, असे तीन आकडे आधीच टिपा. वर सांगितलेल्या लँड रोव्हर इंजिनाला गरम असताना ताशी ३० मैलांना ३५ ते ६५ पीएसआय अपेक्षित असतो. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर तो तेलाने भरूनच चढवा. कॉइलची वायर काढून, दाब येईपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारा. मगच इंजिन सुरू करा. दहा सेकंदांत दाब आला नाही तर लगेच बंद. “येईल थोड्या वेळात” हे इथे म्हणायचं नाही. दोन-तीन मिनिटांनी बंद करून, तेल खाली उतरू देऊन डिपस्टिक बघा. नवा फिल्टर बहुधा जुन्या डब्यापेक्षा लहान असतो, त्यामुळे जुन्या सवयीचं माप ओतलं तर तेल जास्त होतं.

बसवल्यावर काही बिनसलं तर

तेल टिपकतंय म्हणजे अडॅप्टरच गळतोय असं नाही. रॉकर कव्हरची गॅस्केट आणि दाबाचा सेन्सर दोन्ही वरून ओघळतात आणि फिल्टरच्या बुडाशी थेंब जमतो. सगळं पेट्रोलने पुसून कोरडं करा, टाल्कम पावडर उडवा आणि पाच मिनिटं इंजिन चालवा. पावडरवरची ओली रेघ सुरुवातीपर्यंत घेऊन जाते. रेघ चकतीच्या वरच्या सांध्यातून निघाली तर रिंग, खालच्या सांध्यातून निघाली तर फिल्टरची गादी.

दाब पूर्वीपेक्षा कमी आणि तोही फक्त गरम असताना? बायपास मांडणी असेल तर ते बारीक भोक आठवा. दाब पूर्वीपेक्षा जास्त दिसत असेल आणि सेन्सर फिल्टरच्या आधी असेल तर खूश होऊ नका, पुढे कुठेतरी अडथळा आहे. दाब येतो, पण दर सकाळी उशिरा येतो, तर फिल्टरची निथळ थांबवणारी झडप नाही किंवा कामाची नाही.

पहिला फिल्टर लवकर बदला, पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि तो उघडून बघा. हॅकसॉने कापू नका, करवतीचा चुरा आत पडून भलतीच शंका येते. फिल्टर-कटर वापरा. कागदाच्या घड्या पसरून त्यावर चुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड. न चिकटणारी पांढरी चमक थोडीशी असेल तर ती नव्या अडॅप्टरच्या कातकामाची असू शकते, आणि पुढच्या फिल्टरमध्ये ती दिसायला नको. तांबूस-पिवळी चमक दिसली तर ती अडॅप्टरची नाही. मग चेंबर उतरवून बेअरिंग आणि बुश बघायला हवेत.