परदेशात शाळा निवडताना आधी पुढच्या बदलीचा विचार करा

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बारा वर्षांत तीन देशांत राहिलो आणि दोन मुलांच्या मिळून पाच शाळा झाल्या. आता ओळखीतलं कुणी इंटरनॅशनल शाळेबद्दल विचारलं की मी आधी एवढंच विचारते: इथे किती वर्षं राहणार, आणि निघायची वेळ येईल तेव्हा मूल कितवीत असेल?

याचं कारण माझी लेक. आयजीसीएसई हा ब्रिटिश पद्धतीचा, साधारण चौदा ते सोळा वयातला दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तिचं पहिलं वर्ष संपलं आणि आमची बदली झाली. नव्या शाळेतही आयजीसीएसईच आहे म्हणून मी निर्धास्त होते. प्रवेश देताना शाळा म्हणाली, सांभाळून घेऊ. पण जुन्या शाळेत परीक्षा मंडळ केंब्रिजचं होतं आणि इथे पिअर्सन एडेक्सेलचं. साहित्याची पुस्तकं वेगळी, इतिहासाचा कालखंड वेगळा, विज्ञानातले धडे पुढेमागे. दोन महिन्यांनी तिला एक वर्ग खाली बसवावं लागलं. मैत्रिणी एक वर्ष पुढे गेल्या, हे तिला फार लागलं. मी प्रवेशाआधी मंडळाचं नाव आणि प्रत्येक विषयाचा कोड विचारला असता, तर हे सगळं तेव्हाच कळलं असतं.

म्हणून ही दोन वर्षं आणि त्यानंतरची ए लेव्हलची (ब्रिटिश पद्धतीतली अकरावी-बारावी) किंवा आयबी डिप्लोमाची (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा त्याच वयाचा अभ्यासक्रम) दोन वर्षं कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्यांच्या मध्येच बदलीची शक्यता असेल तर कंपनीशी आधीच बोला. बदली एक वर्ष अलीकडे किंवा पलीकडे होते का बघा. ते जमणारच नसेल तर अमेरिकन पद्धतीच्या शाळेचा विचार करा. तिथे श्रेयांक (क्रेडिट) वर्षावर्षाने जमा होतात आणि एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षाही एकेका वर्षाच्या असतात, त्यामुळे मधेच निघालं तरी झालेलं शिक्षण सहसा हिशेबात धरलं जातं.

इयत्तेच्या आकड्यावर विसंबू नका. ब्रिटिश पद्धतीतलं इयर टेन म्हणजे अमेरिकन ग्रेड नाइन. दक्षिण गोलार्धातल्या बऱ्याच देशांत शैक्षणिक वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतं, तेव्हा मूल अर्धं वर्ष पुढे किंवा मागे जातं. जन्मतारखेची मर्यादा शाळेकडून लेखी घ्या.

‘इंटरनॅशनल’ हा शब्द पाटीवर असला म्हणून काही सिद्ध होत नाही. शाळा आयबीची म्हणत असेल तर आयबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तिचं नाव शोधा आणि कोणता कार्यक्रम मंजूर आहे तेही वाचा. ‘कँडिडेट स्कूल’ म्हणजे मंजुरी अजून मिळायची आहे. प्राथमिकची मंजुरी असली म्हणजे डिप्लोमाचीही असेल असं नाही. सीआयएससारख्या (कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्स) शाळा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असेल तर शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा.

डिप्लोमापर्यंत थांबायचं असेल तर विषयांची यादी मागा. माहितीपत्रकातली नको, यंदा प्रत्यक्ष वर्ग चाललेत त्यांची. मुलांना सहा विषय घ्यायचे असतात, त्यातले साधारण तीन हायर लेव्हलचे, म्हणजे जास्त खोलात शिकायचे. शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा एक शोधनिबंध. गुण एकूण 45 पैकी. 2019 पासून गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, आणि इंजिनिअरिंगसाठी बरीच विद्यापीठं ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’ हायर लेव्हलचंच मागतात. लहान शाळेत तो वर्ग असेलच असं नाही. घरची भाषा शाळेत शिकवत नसतील, तरी डिप्लोमात शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यासून तिचं साहित्य घेण्याची सोय असते. शाळा ती मदत देते का, हे जरूर विचारा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मुलाला घरच्या भाषेत निबंध लिहायला लावणारं दुसरं कुणी तिथे नसतं.

मुलाचं इंग्रजी कच्चं असेल तर जादा इंग्रजीचा तास कोणत्या विषयाच्या वेळात घेतात ते विचारा. माझ्या धाकट्याला दर वेळी विज्ञानातून उठवायचे, आणि त्याचा जीव त्याच विषयात होता. वर्गशिक्षिकेशी बोलून आम्ही ते बदलून घेतलं, पण तोवर एक सत्र गेलं होतं.

फीबाबत एवढंच: प्रवेश अर्जाची रक्कम, इमारत निधी, अनामत, बस, परीक्षा शुल्क हे सगळं एका कागदावर मागा आणि कंपनी त्यातलं नेमकं काय देते ते पत्रात लिहून घ्या. शाळा सोडताना किती आधी कळवायचं, हेही त्यातच बघा. बऱ्याच ठिकाणी पूर्ण एका सत्राची नोटीस लागते आणि बदलीचं पत्र इतक्या आधी क्वचितच हाती येतं.

शाळा बघायला ओपन डेऐवजी साध्या दिवशी, मधल्या सुट्टीत जा. गेल्या वर्षी मधेच आलेल्या एखाद्या मुलाशी बोलू द्या असं सांगा आणि त्याला विचारा, पहिल्या आठवड्यात तुझ्यासोबत कोण होतं? एका शाळेत त्या मुलीने क्षणात दोन नावं सांगितली आणि मैदानात बोट दाखवून ती दोघं दाखवलीही. धाकट्याला आम्ही तिथेच घातलं.

प्रवेश झाला की त्याच दिवशी एक फाइल सुरू करा. प्रगतिपुस्तकं, प्रत्येक विषयाचं मंडळ आणि कोड, जसं केंब्रिज आयजीसीएसई गणिताचा 0580, वर्षअखेर शिकवून झालेल्या धड्यांची यादी, दोन-चार तपासलेल्या वह्या. शिक्षक बरेचदा दोन-दोन वर्षांच्या करारावर असतात, त्यामुळे नंतर विचारायला ते तिथे सापडतीलच असं नाही. ही फाइल सामानाच्या खोक्यांत घालू नका, हातातल्या बॅगेत ठेवा.