हॅन्डगार्ड लावायचे का? आणि लावायचे तर नीट कसे लावायचे

हॅन्डगार्ड, म्हणजे बाइकच्या हॅन्डलवर बोटांपुढे लावायचं कवच, याचा विषय निघाला की आमच्या घरात दोन पार्ट्या पडतात. चोपड्याचा मामेभाऊ म्हणतो गार्डशिवाय सातपुड्यात जायचंच नाही, आणि आमचे आबा, वीस वर्षं एकच स्प्लेंडर वापरणारे, माझ्या गाडीकडे बघून म्हणतात, "कसाले पैसा वाया घालस रे भो, तुले काय जंगलमा ऱ्हानं शे का?" मला दोघांचंही पटतं, कारण आबांचं जाणं-येणं म्हणजे अमळनेर ते धरणगाव डांबरी रोड, आणि मामेभाऊ आठवड्यातून दोनदा सातपुड्यातल्या वैजापूरकडच्या पाड्यांवर जातो, तिकडे अर्ध्या रस्त्यावर झुडपं आडवी आलेली असतात. म्हणून दुकानात जायच्या आधी एकच करा, मागच्या महिन्यात गाडी कुठे कुठे गेली ते आठवा.

नुसता हायवे असेल, म्हणजे जळगाव-पारोळा-धुळे, तर मी सरळ सांगेन की गार्ड नको, तेवढ्या पैशात चांगले ग्लोव्हज घ्या. पण रोजचा शिवरस्ता असेल, दोन्ही बाजूंनी बाभळीच्या फांद्या वाकलेल्या असतील, किंवा शहाद्याकडे सीझनमध्ये उसाच्या ट्रॉल्यांच्या बाजूने जावं लागत असेल तर गार्ड पाहिजेच. ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारं उसाचं पाचट बोटांवरून गेलं की काय होतं ते ज्याला लागलंय त्यालाच विचारा, ब्लेड फिरवल्यासारखी बारीक रेघ उमटते आणि घाम लागला की दिवसभर चुरचुरते. आणि आपल्याकडची थंडी लोक विसरतात. रावेर-यावलला केळीला रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायचं असतं, डिसेंबरात पहाटे तीन-चारला मोटर चालू करायला निघालेल्या माणसाची बोटं इतकी बधिर होतात की ब्रेक किती दाबला ते कळत नाही. आमच्या शेजारचे काका तेलाचा पाच लिटरचा कॅन कापून तारेने हॅन्डलला बांधायचे, वारा खरंच अडायचा. फक्त तसं काही बांधलं तर ते ब्रेक-क्लचच्या लिव्हरला लागत नाही ना एवढं बघा.

उलटी बाजू पण खरी आहे. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा काहीजण म्हणतात गार्डमुळे हातांना वारा लागत नाही, तळवे घामाने ओले होतात. मला स्वतःला त्या दिवसांत गार्ड बरे वाटतात कारण वारा नसतोच तो, भट्टीची झळ असते, पण ज्याला त्रास होतो त्याने मार्चमध्ये प्लास्टिकची कवचं काढून ठेवावीत, बऱ्याच सेटमध्ये ती दोन-तीन स्क्रूवर निघतात.

आता प्रकार. एक नुसत्या प्लास्टिकचे, एकाच टोकाला धरलेले, दुसरं टोक मोकळं. हे वारा, पाऊस, फांद्या अडवतात, पण गाडी पडली तर लिव्हर वाचेलच याची खात्री नाही. दुसरे आतून ॲल्युमिनियमची पट्टी असलेले, एक टोक हॅन्डलच्या मध्याकडे क्लॅम्पने आणि दुसरं हॅन्डलच्या टोकात बसवलेलं. हे लिव्हर वाचवतात. यावर हरकत घेणारे म्हणतात की पडताना हात त्या कड्यात अडकला तर मनगट जाईल. ही भीती उगाच नाही, म्हणून डांबरावर स्पीडने चालवणाऱ्याला मी पट्टीवाले सुचवत नाही. खराब रस्त्यावर हळू चालवताना गाडी आडवी होण्याचेच प्रसंग जास्त, तिथे मात्र पट्टीच कामाची. एक्सपल्स 200 सारख्या गाडीला कंपनीकडूनच गार्ड येतात, ते आधी हात लावून बघा, मग पट्टीवाल्यांचा विचार करा.

मी पट्टीवाल्यांकडे वळलो तोरणमाळला जाताना. सात पायरी घाटात एका वळणावर मुरूम पसरलेला, गाडी जवळपास उभीच होती, डावा पाय सरकला आणि गाडी हळूच आडवी झाली. मला खरचटलंही नाही पण क्लचचा लिव्हर मुळापासून तुटला, हातात उरलं बोटाएवढं बोंडुक. शे-दोनशेची वस्तू, पण तिथे मिळणार कुठे? शेवटी उताराकडे तोंड करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडली, थोडा वेग आला की हलक्या हाताने गिअर टाकला, आणि म्हसावदपर्यंत थांबायची वेळच येऊ नये अशी प्रार्थना करत आलो. बैलगाडी आडवी आली असती तर काय केलं असतं हे आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

बसवायचं काम घरी होतं. एलन की (षटकोनी पाने) लागतात, एम6 बोल्टला 5 एमएमची आणि एम8 ला 6 एमएमची, एक चांगला स्टार स्क्रू ड्रायव्हर आणि बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं निळं थ्रेड लॉक. लाल घेऊ नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. आधी हॅन्डलच्या टोकाचं वजन काढायचं. तो स्क्रू कंपनीने चिकटवलेला असतो, नुसता जोर लावला तर डोकं घसरतं आणि मग ड्रिल मारायची वेळ येते, त्यामुळे ड्रायव्हर घट्ट बसवून वर हातोडीने दोन ठोके द्या आणि मगच फिरवा. साध्या गाड्यांना वजन नसतं, ग्रिपचं टोक बंद असतं, ते कटरने गोल कापावं लागतं आणि पट्टीचा बोल्ट धरायला हॅन्डलच्या पाइपात फुगणारा रबरी किंवा धातूचा तुकडा येतो. तो पाइपाच्या आतल्या मापाचा घ्या, बाहेरून 22 एमएम दिसणाऱ्या दोन हॅन्डलांची आतली मापं वेगळी असू शकतात. आणि काढलेलं वजन फेकू नका. ते कंपन मारायला असतं, गेलं की पन्नास-साठला आरशात मागचा ट्रक थरथरताना दिसतो आणि बोटांना झिणझिण्या येतात. वजनासकट बसणारे गार्ड मिळतात, जरा महाग पडले तरी तेच घ्या.

सगळ्यात जास्त चुका उजव्या बाजूला होतात. रेसची मूठ फिरते, आणि गार्डचं टोक तिला घासायला नको, मध्ये एक-दोन मिलीमीटरची फट पाहिजे. बोल्ट टाइट केला की मूठ पूर्ण फिरवून सोडा, खटकन मागे आली पाहिजे. हळूहळू आली, अडकली, तर वायसर टाका, मूठ थोडी आत सरकवा, काहीही करा पण तशी गाडी रस्त्यावर आणू नका. हॅन्डल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा तेच करा.

सगळे बोल्ट सुरुवातीला हाताने फिरतील इतकेच ठेवा. गाडीवर बसा, नेहमीसारखे हात ठेवा, लिव्हर बोटांच्या सरळ रेषेत येतात का बघा, त्यानंतर गार्डचा कोन ठरवा. उलटं करणारे खूप आहेत, गार्ड आधी आवळतात आणि मग लिव्हर जिथे जागा मिळेल तिथे वळवतात, पन्नास किलोमीटरमध्ये मनगट दुखायला लागतं. ब्रेक आणि क्लचचा लिव्हर पूर्ण दाबताना आणि सोडताना पट्टीला कुठेच लागायला नको. लिव्हरचा क्लॅम्प मात्र दगडासारखा आवळू नका, जोरात ढकलला तर किंचित फिरेल इतपत ठेवा, पडल्यावर तो फिरतो आणि लिव्हर वाचतो.

मग गाडी चालू करून न्यूट्रलला ठेवा आणि हॅन्डल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. इंजिनचा आवाज वाढला म्हणजे रेसची केबल ताणली जातेय. भाच्याच्या गाडीला हेच झालं होतं, पारोळ्याच्या बाजारात यू टर्न घेताना गाडी स्वतःहून उडी मारायला लागली, नशीब समोर कोणी नव्हतं. गार्डचा क्लॅम्प केबलवरून बसवलेला होता, आम्ही केबल त्याच्या खालून घेतली आणि पाच मिनिटांत प्रश्न सुटला. पुढच्या ब्रेकचा पाइप आणि वायरिंगही असंच तपासा, टाकीला किंवा काचेला गार्ड टेकतो का तेही बघा. आठवड्याने सगळे बोल्ट एकदा परत तपासायचे, आपल्या रस्त्यांवर ते सैल होतातच.

बाकी मॉडिफिकेशनबद्दल माझं मत कडक आहे. जादा लाइट लावायचे तर रिले टाकून, वेगळ्या फ्यूजवर, आणि खाली झुकवून, समोरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यात मारायला नाही. गार्डमधल्या निळ्या-लाल चमकणाऱ्या पट्ट्या काढून टाका. फटाके फोडणारा सायलेन्सर तर नकोच. कायदा पण माहीत असू द्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला बंधनं आहेत, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि कलम 182ए खाली अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड होऊ शकतो, कैदही होऊ शकते. मोठं काही बदलायचं असेल तर आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवा.

आणि एक, लुकसाठी साडी गार्ड काढणाऱ्या पोरांनो, कृपा करून तो परत लावा. मागच्या चाकावर कपडे अडकू नयेत म्हणून अर्धं चाक झाकणारं संरक्षण नियमातच सांगितलंय. आपल्या आया-मावश्या पाचवारी नेसून एका बाजूला बसतात, पदर चाकात गेला की काय होतं ते मी पाचोऱ्याच्या रस्त्यावर बघितलंय आणि ते इथे लिहिणार नाही.

पट्टीवाले असोत की साधे, की आबांसारखं काहीच नको असो, क्लच आणि ब्रेकचा एक-एक जादा लिव्हर, क्लचची केबल आणि त्या मापाचा पाना जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून सीटखाली ठेवा. लिव्हर घेताना आपल्याच मॉडेलचा घ्या आणि घरी एकदा लावून बघा, कारण माझ्याकडे दोन महिने चुकीचा लिव्हर सीटखाली पडून होता.