पहिल्यांदाच पोरांना गोथिया कपला नेताय? या चुका टाळा

पंजाबच्या मिनर्वा अकादमीने २०२३ मध्ये गोथिया कपचा, म्हणजे स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात जुलैत भरणाऱ्या मुलामुलींच्या फुटबॉल स्पर्धेचा, १३ वर्षांखालचा गट जिंकला. तेव्हापासून पालकसभेत कुणीतरी ते नाव काढतंच. काढू द्या. ती निवासी अकादमीत राहून रोज सराव करणारी मुलं. आपली पोरं मुरमाच्या मैदानावर, शाळा-क्लास सांभाळून खेळणारी. ती गोथेनबर्गला पोहोचली की समोरच्या संघाआधी झोप, बूट आणि जेवणच त्यांना हरवतं. आणि ही तिन्ही कामं प्रशिक्षकाची.

सामन्याच्या आदल्या दिवशी पोहोचणं

जुलैत स्वीडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. घरी साडेसहाला उठणारं पोर तिथं पहाटे तीनला टक्क जागं होतं. दीडेक तासात उजाडतं. बहुतेक संघांची सोय शाळांमध्ये, वर्गात जमिनीवर गाद्या टाकून केलेली असते. त्यामुळे एक उठला की सगळी खोली उठते. रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे झोप दोन्हीकडून कापली जाते. किमान दोन दिवस आधी पोहोचा. प्रत्येकाच्या सामानात डोळ्यांवर बांधायची पट्टी असू द्या. निघण्याआधीच्या आठवड्यात झोपायची वेळ रोज थोडी उशिरा न्या.

नवे कोरे बूट

बरेच सामने कृत्रिम गवतावर होतात. म्हणून पालक निघायच्या दोन दिवस आधी हौसेनं नवे बूट घेतात. दुसऱ्या सामन्यानंतर मोजा उतरवताना टाचेची कातडी त्याच्याबरोबर सोलून निघते. बूट महिनाभर आधी घ्या आणि शहरात जिथे भाड्यानं टर्फ मिळतं तिथे त्यावर चार-सहा सराव करून घ्या. चेंडू मातीवर उसळतो आणि टर्फवर पळतो, हेही पोरांना तिथेच कळेल.

खाऊची पिशवी न तपासणं

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट खुशाल न्या. शाकाहारी किती, हे नोंदणी करतानाच कळवा. सकाळी ब्रेड-चीज बघून नाक मुरडणारं पोर उपाशीच मैदानात उतरतं. त्यामुळे घरीच सरावानंतर अधूनमधून पास्ता, उकडलेला बटाटा, साधं दही खायची सवय लावा.

पहिल्यांदा धुलाई झाली की भाषण ठोकणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. मध्यंतराला ०-५. गोलकीपर मान खाली घालून हातमोज्याचा वेल्क्रो काढतोय, लावतोय, पुन्हा काढतोय. अशा वेळी ‘देशाची इज्जत’ काढणारे सर मी पाहिलेत. पोरांना त्यातलं काही ऐकू जात नाही. आधी पाणी द्या, मग एकच बदल सांगा. ‘गोलकिक लांब मारू नकोस बाळा, बाजूच्या बॅककडे दे,’ एवढं पुरे.

दोन गोल बसले की घाबरून अकराच्या अकरा जणांना मागे ओढणं हीसुद्धा नेहमीचीच चूक. पुढे कुणी उरत नाही, त्यामुळे आपण मारलेला चेंडू पाचव्या सेकंदाला परत आपल्याच गोलपाशी येतो. एकाला मध्यरेषेपाशी राहू द्या. तिथं चेंडू अडकला तरी बचावाला श्वास घेता येतो.

आणि स्पर्धेची रचना पोरांना निघण्याआधीच समजावून सांगा. आधी साखळी सामने होतात. साखळीच्या गटातले पहिले दोन संघ ‘अ’ बाद फेरीत जातात, बाकीचे ‘ब’ फेरीत. गटात सगळे सामने हरलात तरी खेळ संपत नाही. नवख्या संघाला आपल्या तोडीचे प्रतिस्पर्धी बहुधा ‘ब’ फेरीतच भेटतात. ज्या प्रशिक्षकानं गटातच पहिल्या अकरांना रगडलेलं असतं, त्याच्याकडे तिथे ताजे पाय उरलेले नसतात. खेळाडू बदलण्याचे नियम आधी वाचा, आणि बाकावरच्या पोरांना पहिल्या सामन्यापासून उतरवा. इतक्या लांब नेऊन कुणाला फक्त पाण्याच्या बाटल्या उचलायला लावणं मला तरी पटत नाही.

बारीकसारीक

लिसेबर्गची पाळण्यांची बाग शहरातच आहे, पोरं पहिल्या दिवसापासून मागे लागतात. शेवटचा सामना झाल्यावर न्या. आदल्या संध्याकाळी चार तास रांगेत उभे राहिलेले पाय सकाळी पळत नाहीत.

घरी फोन रात्री नको. तिथं जेवणं होईपर्यंत इकडे साडेदहा-अकरा वाजलेले असतात. आई झोपेतून उठून काळजीनं विचारते आणि तिकडे पोर रडायला लागतं. दुपारच्या जेवणानंतरची वेळ ठरवून द्या.

मैदानांवर जाताना ट्राम वेळेवर सुटते, तुमच्या संघासाठी थांबत नाही. सोबतच्या दोन मोठ्यांपैकी एकानं सगळ्यात पुढे चढायचं, दुसऱ्यानं सगळ्यात शेवटी. पासपोर्ट तुमच्याकडे ठेवा. प्रत्येक पोराच्या खिशात मुक्कामाच्या शाळेचं नाव, ट्राम थांबा आणि तुमचा नंबर लिहिलेला कागद असू द्या, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.